बिनतारी इंटरनेटचा नाका : गिगाबिट राउटरची पारख

(ग्रामपंचायत पदाधिकारी, शिक्षक आणि विस्तार अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आहे, अशी कल्पना करावी. सकाळचे अकरा वाजले आहेत. गावातील सेवा केंद्रापुढे रांग लागली आहे. एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला बाप मुलीची कागदपत्रे हातात धरून उभा आहे. आत बसलेला चालक तेच पान पाचव्यांदा उघडू पाहतो, आणि पडद्यावरचे चक्र फिरतच राहते. बाहेर टेकडीवर मनोरा उभा आहे. त्यावरील अँटेना जागच्या जागी आहेत. तालुक्याहून आलेली फायबरची तारही शाबूत आहे. मग अडले कोठे?

अशा वेळी लोक वाऱ्याला दोष देतात, पावसाला देतात, मनोऱ्याला देतात. परंतु पुष्कळदा अडचण मनोऱ्याच्या पायथ्याशी, लोखंडी पेटीत ठेवलेल्या एका लहानशा यंत्रात असते. त्या यंत्राचे नाव राउटर. ते बंद पडलेले नसते. त्यावरील दिवे लुकलुकत असतात. त्याच्या ताकदीबाहेरचे काम त्याच्यावर येऊन पडलेले असते, एवढेच. हे यंत्र निवडताना काय पाहिले पाहिजे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय तांत्रिक असला, तरी त्याचा निर्णय अनेकदा पंचायतीच्या बैठकीत, निविदेच्या कागदावर होतो. म्हणून तो अभियंत्यांपुरता ठेवून चालणार नाही.

बिनतारी सेवा खेड्यापर्यंत कशी आली

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. १९९८ मध्ये हे क्षेत्र खाजगी पुरवठादारांना खुले झाले. परंतु लहान पुरवठादारापुढे प्रश्न होता तो तारेचा. डोंगर, नदी, वनजमीन ओलांडून दहा-बारा कुटुंबांच्या वाडीपर्यंत तार नेणे त्याला परवडत नसे. लहरींच्या वापरासाठी परवाना मिळविणेही त्याच्या आवाक्यातील नव्हते.

या अडचणीतून वाट निघाली ती परवानामुक्त लहरींमुळे. २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मुक्त झाला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ लहरी केंद्र शासनाने मोकळ्या केल्या. सेवा पुरविण्याची अनुज्ञप्ती पूर्वीप्रमाणेच आवश्यक राहिली, मात्र लहरींसाठी वेगळा परवाना व शुल्क राहिले नाही. उंच जागी मनोरा उभारावा, समोरच्या वाडीवर लहान अँटेना बसवावी आणि दृष्टी स्वच्छ असेल तर काही किलोमीटर अंतर तारेवाचून पार करावे, हे लहान उद्योजकालाही शक्य झाले.

महाराष्ट्रात या दिशेने झालेला एक प्रयत्न येथे सांगितला पाहिजे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. अभय करंदीकर यांच्या मार्गदर्शनाखाली 'ग्राममार्ग' हा प्रकल्प हाती घेण्यात आला. आजच्या पालघर जिल्ह्यातील गावांमध्ये दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील न वापरल्या जाणाऱ्या लहरींवर, आणि पुढे परवानामुक्त ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, इंटरनेट पोहोचविण्याचे प्रयोग झाले. पंचायत, खाजगी उद्योजक आणि सार्वजनिक यंत्रणा यांच्या भागीदारीचा विचार त्यात होता. २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत या प्रकल्पाला पहिले पारितोषिक मिळाले.

दुसरीकडे, फायबरचे जाळेही खेड्याकडे सरकत होते. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची राष्ट्रीय योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. एके ठिकाणी तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहावी, यासाठी या कार्यक्रमात वर्तुळाकार जोडणीवर भर देण्यात आला. फायबर पंचायतीपर्यंत आणि तेथून पुढे वाड्या-वस्त्यांवर बिनतारी, अशी ही जोडी आहे. या दोहोंच्या सांध्यावर जे यंत्र बसते, ते राउटर.

राउटर म्हणजे काय

टपाल कार्यालयातील वर्गीकरणाची खोली पुष्कळांनी पाहिली असेल. पोत्यातून पत्रे येतात. कारकून प्रत्येक पत्रावरील पत्ता वाचतो आणि ते योग्य खणात टाकतो. राउटरचे मूळ काम हेच. इंटरनेटवरून जाणारे चित्र, आवाज किंवा अर्ज अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पत्ता असतो. राउटर तो वाचतो आणि पुढची वाट दाखवितो.

कारकुनाचे काम पत्रांच्या वजनावर ठरत नाही, संख्येवर ठरते. एक जाडजूड पाकीट खणात टाकण्यास जेवढा वेळ, जवळजवळ तेवढाच एका पोस्टकार्डास लागतो. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवली, तर राउटरच्या जाहिरातीतील निम्मा गोंधळ दूर होतो.

'गिगाबिट' या शब्दाचा अर्थ

गिगाबिट म्हणजे दर सेकंदास शंभर कोटी बिट. तांब्याच्या तारेवर हा वेग देणारे प्रमाण १९९९ मध्ये निश्चित झाले, आणि आज साध्या राउटरच्या प्रत्येक तोंडावर, म्हणजे पोर्टवर, 'गिगाबिट' असे छापलेले आढळते. येथेच खरेदीदाराची पहिली फसगत होते. पोर्ट गिगाबिटचे आहे, याचा अर्थ दरवाजा रुंद आहे एवढाच. आतील कारकुनाचा हात तितका चपळ आहे की नाही, हे दरवाजावरून कळत नाही.

हिशेब करून पाहावा. गिगाबिटची वाट पूर्ण भरून वाहत असेल आणि सर्व पॅकेटे मोठी, म्हणजे १,५१८ बाइटची असतील, तर दर सेकंदास सुमारे ८१ हजार पॅकेटे हाताळावी लागतात. तीच वाट सर्वांत लहान, म्हणजे ६४ बाइटच्या पॅकेटांनी भरली, तर त्यांची संख्या १४ लाख ८८ हजारांवर जाते. वाट तीच, वेग तोच, परंतु काम अठरा पट. चित्रपट पाहणाऱ्याची पॅकेटे मोठी असतात, इंटरनेटवरून बोलणाऱ्याची लहान. प्रत्यक्षात दोन्ही मिसळून येतात.

म्हणून राउटर निवडताना पहिला प्रश्न विचारावा तो हा : दर सेकंदास किती पॅकेटे? आणि ती कोणत्या आकाराची? या चाचणीची पद्धत मार्च १९९९ मध्येच इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहून ठेवलेली आहे. ६४, १२८, २५६, ५१२, १,०२४, १,२८० आणि १,५१८ अशा सात आकारांवर यंत्र तपासावे, असे ती सांगते. विक्रेत्याने फक्त सर्वांत मोठ्या आकाराचा आकडा पुढे केला, तर उरलेल्या सहांबद्दल विचारणे हे खरेदीदाराचे कर्तव्य ठरते.

कामे वाढली की वेग घटतो

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. कारकुनाने केवळ पत्ता वाचून पत्र टाकले तर काम झटपट होते. परंतु त्याने प्रत्येक पत्राची नोंद करावी, संशयास्पद पत्र बाजूला काढावे, प्रेषकाचा पत्ता बदलून दुसरा लिहावा आणि कोणत्या गावाला किती पत्रे गेली हेही मोजावे, असे सांगितले तर वेग उरणार नाही. सेवा पुरवठादाराच्या राउटरला ही सर्व कामे करावी लागतात. घुसखोरी रोखणारी भिंत, ज्याला फायरवॉल म्हणतात, ती चालवावी लागते. प्रत्येक ग्राहकाला त्याने घेतलेल्या योजनेइतकाच वेग द्यावा लागतो. अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवावे लागते.

काही राउटरांमध्ये साधी वाहतूक वेगळ्या चिपवरून परस्पर जाते, त्यामुळे कागदावरील आकडे मोठे दिसतात. परंतु वेगमर्यादेची रांग किंवा फायरवॉलचे नियम सुरू केले, की अनेक यंत्रांत ही आडवाट बंद होते आणि सारा भार मुख्य प्रोसेसरवर येतो. कागदावर गिगाबिट असलेले यंत्र मग त्याच्या अंशावरच थांबते. यास्तव निविदेत 'सर्व आवश्यक सेवा चालू असताना मिळणारा वेग' असे शब्द हवेत. रिकाम्या बैलगाडीचा वेग पाहून ऊस वाहण्याचा करार कोणी शेतकरी करीत नाही.

गरज कशी मोजावी

गरज मोजण्याची रीत सोपी आहे. समजा, एका मनोऱ्यावरून २४० जोडण्या द्यावयाच्या आहेत. सर्व कुटुंबे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरीत नाहीत. परंतु रात्री आठ ते दहा या वेळेत वापर शिगेला पोहोचतो. त्या वेळी प्रत्येक जोडणीमागे सरासरी अडीच मेगाबिट धरले, तर ६०० मेगाबिट होतात. पॅकेटाचा सरासरी आकार ७०० बाइट धरला, तर एका दिशेला दर सेकंदास सुमारे १ लाख ७ हजार पॅकेटे होतात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक गावाने आपली मोजणी स्वतः करावी. पुरवठादाराकडे आठवड्याचा आलेख असतोच, तो मागून घ्यावा.

यात वाढीचा विचार हवा. मागणी वर्षाला तीस टक्के वाढली, तर ६०० चे पहिल्या वर्षी ७८० होतात आणि दुसऱ्या वर्षाअखेर १,०१४. म्हणजे गिगाबिटचे पोर्ट दोनच वर्षांत भरले. मुख्य जोडणीसाठी दहा गिगाबिटचे एक-दोन फायबर पोर्ट असलेले यंत्र आज थोडे महाग वाटले, तरी तिसऱ्या वर्षी दुसरे यंत्र घेण्यापेक्षा ते स्वस्त पडते. उलट, जेथे चाळीसच घरांची वाडी आहे, तेथे मोठे यंत्र बसविणे हाही अपव्ययच. मुख्य केंद्रावरील राउटर वेगळा, मधल्या मनोऱ्यावरील वेगळा आणि दुकानात किंवा घरात भिंतीवर टांगायचा वेगळा. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेखाली दुकानदार जो सार्वजनिक वाय-फाय चालवितो, त्याला घरगुती प्रकारातील यंत्रही पुरू शकते. ते मुख्य केंद्रावर चालणार नाही.

पत्त्यांची टंचाई आणि नोंदींची जबाबदारी

इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. त्यामुळे नव्या पुरवठादाराला पुरेसे सार्वजनिक पत्ते मिळत नाहीत. एका पत्त्यामागे अनेक ग्राहक बसविणे भाग पडते. एका पत्त्याला सुमारे ६५ हजार उपक्रमांक असतात. प्रत्येक ग्राहकास एक हजार राखून ठेवले, तर एका पत्त्यामागे सुमारे ६४ ग्राहक बसतात. वरील उदाहरणातील २४० जोडण्यांना चार पत्ते लागतील. कोणता ग्राहक कोणत्या क्षणी कोणता उपक्रमांक वापरीत होता, याची वही राउटर आपल्या स्मृतीत ठेवतो. ती वही भरली, की नव्या जोडण्या होत नाहीत. जुने पान चालते, नवे उघडत नाही, असा विचित्र अनुभव ग्राहकाला येतो. म्हणून किती जोडण्यांची वही मावते, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

याला कायद्याची बाजू आहे. एखाद्या पत्त्यावरून आर्थिक फसवणूक झाली, तर पोलिस विचारतात की त्या वेळी त्या पत्त्यामागे कोण होते. एका पत्त्यामागे ६४ कुटुंबे असताना नोंद नसेल, तर संशय चौसष्ट घरांवर जातो. अशा नोंदी जपण्याची मुदत दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या राष्ट्रीय यंत्रणेने संगणकीय नोंदी १८० दिवस ठेवण्याचे आणि यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळविण्याचे निर्देश दिले. घड्याळ पाच मिनिटे चुकले, तर नोंद निरपराध माणसाकडे बोट दाखवू शकते. तेव्हा प्रत्येक पॅकेटाची नव्हे, तर उपक्रमांकांच्या गटांच्या वाटपाची आटोपशीर नोंद करून ती दुसऱ्या संगणकावर पाठविण्याची सोय यंत्रात असावी. पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, म्हणजे सहाव्या आवृत्तीत, ही टंचाई उरत नाही. ती पद्धत पूर्ण वेगाने चालविणारेच यंत्र घ्यावे.

सर्व रस्त्यांचा नकाशा हवा का

काही विक्रेते 'जगातील सर्व मार्ग पाठ असणारे' यंत्र घेण्याचा आग्रह धरतात. जगाच्या इंटरनेटची मार्गसूची आज नऊ लाखांहून अधिक नोंदींची आहे. १२ ऑगस्ट २०१४ रोजी ती ५ लाख १२ हजारांच्या पुढे गेली, तेव्हा तेवढ्याच नोंदींची जागा असलेले जुने राउटर अनेक देशांत अडखळले होते. परंतु ज्या पुरवठादाराला बाहेर जाण्याची एकच वाट आहे, त्याला जगाचा नकाशा कशाला? गावातून बाहेर पडणारा रस्ता एकच असेल, तर 'या रस्त्याने जा' एवढी एक पाटी पुरते. दोन स्वतंत्र पुरवठादारांकडून जोडणी घेतली असेल तेव्हाच मार्गसूचीचा विचार करावा. तेव्हाही अनेकदा निवडक सूची पुरेशी असते. न लागणाऱ्या क्षमतेवर खर्च होणारा पैसा विजेच्या व्यवस्थेवर खर्च करणे शहाणपणाचे.

रांगेची शिस्त

बिनतारी जोडणीचा वेग स्थिर नसतो. पाऊस, झाडाची वाढलेली फांदी, शेजारच्या मनोऱ्याच्या लहरी यांनी तो खालीवर होतो. वेग घटला, की पॅकेटांची रांग लागते. राउटरमध्ये ही रांग उभी राहण्यासाठी जागा असते. ती जागा फार मोठी असून शिस्त नसली, तर एका घरातील चित्रपटाची पॅकेटे पुढे दाटी करतात आणि दुसऱ्या घरातील रुग्णाचे डॉक्टरांशी चाललेले बोलणे मागे अडकते. वेगाची चाचणी चांगली येते, पण संभाषण तुटते.

यावर गेल्या काही वर्षांत चांगला उपाय निघाला आहे. प्रत्येकाची वेगळी रांग करणे, फार वेळ खोळंबलेली पॅकेटे वेळीच गाळून पाठविणाऱ्या संगणकास वेग कमी करण्याचा इशारा देणे, असे त्याचे स्वरूप आहे. 'एफक्यू-कोडेल' नावाच्या या पद्धतीचा तपशील २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्रात ही किंवा अशीच पद्धत आहे का, आणि ती चालू केल्यावर प्रोसेसरवर किती भार पडतो, हे पाहावे. ज्या गावात शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि करमणूक एकाच वाटेने जाणार आहेत, तेथे रांगेची शिस्त ही न्यायाची बाब आहे.

एक बारीक गोष्टही येथे सांगण्याजोगी आहे. अनेक पुरवठादार ग्राहकाची ओळख पटविण्यासाठी ज्या पद्धतीने जोडणी देतात, तिच्यात प्रत्येक पॅकेटाला आठ बाइटचे जादा वेष्टन लागते. त्यामुळे १,५०० ऐवजी १,४९२ बाइटच आत मावतात. हा हिशेब राउटरात नीट मांडला नाही, तर काही संकेतस्थळे उघडतात आणि काही उघडतच नाहीत. ग्राहक संकेतस्थळाला दोष देतो, दोष आठ बाइटचा असतो. ज्या पुरवठादाराचा तंत्रज्ञ हा प्रश्न ऐकून ताबडतोब उत्तर देतो, त्याच्यावर अधिक विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

वीज, ऊन आणि आकाश

शहरातील वातानुकूलित खोलीसाठी तयार झालेले यंत्र टेकडीवर टिकत नाही. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा पत्र्याच्या पेटीत तापमान त्याहून कितीतरी अधिक असते. यंत्राच्या माहितीपत्रकात चालण्याची तापमानमर्यादा दिलेली असते, ती पेटीतील तापमानाशी ताडून पाहावी. पंख्यावाचून थंड राहणारे यंत्र मनोऱ्यासाठी बरे, कारण पंख्यात धूळ बसते आणि पंखा थांबला की यंत्र थांबते.

विजेचा हिशेब तर प्रत्येक पंचायत सदस्याला करता येईल असा आहे. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १,२०० वॅट-तास. शिसे-आम्लाची बॅटरी टिकावी म्हणून त्यातील निम्मीच वीज वापरावी, म्हणजे ६०० वॅट-तास. मनोऱ्यावरील चार रेडिओ मिळून ४० वॅट आणि राउटर २० वॅट, असे ६० वॅट धरले तर बॅटरी दहा तास चालते. त्याच जागी शंभर वॅट खाणारा मोठा राउटर बसविला, तर एकूण १४० वॅट होतात आणि बॅटरी सव्वाचार तासांतच संपते. रात्री गेलेली वीज पहाटे येणार असेल, तर हा फरक सेवा चालू राहण्याचा की बंद पडण्याचा आहे. बॅटरीवरून थेट चालणारे, वीज देणारी दोन स्वतंत्र तोंडे असलेले यंत्र पसंत करावे.

तिसरी गोष्ट विजेच्या कडकडाटाची. वळवाच्या पावसात मनोऱ्यावर वीज पडते किंवा जवळ पडली तरी तांब्याच्या तारेतून धक्का खाली उतरतो आणि राउटरचे पोर्ट जळतात. उत्तम भूसंपर्क, तारेच्या दोन्ही टोकांना संरक्षक साधने आणि शक्य तेथे मनोऱ्यावर चढणारी जोडणी फायबरची, हे तीन उपाय आहेत. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून फायबरचे पोर्ट असलेला राउटर येथेही उपयोगी पडतो.

कुलूप आणि किल्ली

मे २०१८ मध्ये 'व्हीपीएनफिल्टर' या नावाने ओळखला गेलेला घातक प्रोग्राम ५४ देशांतील किमान पाच लाख यंत्रांत शिरल्याचे उघड झाले. त्यांत लहान कार्यालयांतील आणि घरांतील राउटर पुष्कळ होते. त्याच वर्षी लहान पुरवठादारांच्या पसंतीच्या एका बनावटीच्या राउटरांतील त्रुटीवर कंपनीने दुरुस्ती प्रसिद्ध केल्यानंतरही जगभर मोठ्या संख्येने यंत्रे काबीज केली गेली, कारण ती दुरुस्ती चढविलीच गेली नव्हती. यंत्र घेतले आणि विसरले, असे चालत नाही. कंपनी किती वर्षे सुधारणा पुरविणार, त्यासाठी वेगळे पैसे लागणार का, हे खरेदीपूर्वी लिहून घ्यावे. कारखान्यातून आलेला संकेतशब्द पहिल्या दिवशी बदलावा. यंत्राची मांडणी करण्याचा दरवाजा साऱ्या जगाला उघडा ठेवू नये.

दूरसंचार जाळ्यात बसवावयाच्या उपकरणांसाठी शासनाचे दोन दंडक आहेत. एक, दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राचे सक्तीचे चाचणी-प्रमाणन. दोन, १५ जून २०२१ पासून लागू झालेली विश्वसनीय स्रोतांची अट. पुरवठादाराने या दोहोंची पूर्तता केल्याची कागदपत्रे फाइलला लावली नाहीत, तर स्वस्त मिळालेले यंत्र पुढे काढून टाकावे लागण्याचा धोका राहतो.

निविदेतील शब्द

सर्वांत कमी दराला मान्यता, हा शासकीय खरेदीचा परिचित नियम. तो वाईट नाही. मात्र गरजेचे वर्णन अपुरे असेल, तर तोच नियम अपुरे यंत्र निवडतो. 'गिगाबिट राउटर, नग एक' एवढ्याच शब्दांवर मागणी केली, तर घरगुती यंत्रही पात्र ठरते आणि हजारात विकले जाणारे यंत्र लाखाचे काम करण्यास टेकडीवर जाते. मागणीत पुढील बाबी स्पष्ट असाव्यात : सर्व सेवा चालू असताना मिळणारा वेग आणि पॅकेटांची संख्या, एका वेळी सांभाळता येणाऱ्या ग्राहकांची व जोडण्यांची मर्यादा, फायबर पोर्टांची संख्या, तापमानमर्यादा, विजेचा वापर, सुधारणांची मुदत आणि परवान्याचा खर्च. काही बनावटींत एकाच यंत्रावर किती ग्राहक चालतील, हे यंत्राच्या ताकदीवर नव्हे तर विकत घेतलेल्या परवान्याच्या पातळीवर ठरते. दोनशे ग्राहकांचा परवाना घेतला, तर दोनशे एकावा ग्राहक दाराबाहेरच राहतो.

एकाच फार मोठ्या यंत्रापेक्षा मध्यम ताकदीची दोन यंत्रे अनेकदा हितकर ठरतात. एक बंद पडले तर दुसरे आपोआप भार घेईल, अशी मांडणी करता येते. तेही शक्य नसेल, तर त्याच बनावटीचे एक यंत्र कपाटात तयार ठेवावे आणि चालू यंत्राच्या मांडणीची प्रत दर महिन्याला जपून ठेवावी. जिल्ह्याच्या ठिकाणाहून तंत्रज्ञ येण्यास दोन दिवस लागतात. कपाटातील यंत्र अर्ध्या तासात बसते.

पंचायतीचे काम

पंचायत सदस्याने किंवा शिक्षकाने राउटर उघडून पाहण्याची आवश्यकता नाही. परंतु दोन वेळच्या मोजणीची एक साधी नोंदवही शाळेत किंवा पंचायतीत ठेवता येईल. सकाळी सात वाजता आणि रात्री नऊ वाजता, आठवड्यातून दोन दिवस, राउटरपर्यंत जाऊन परत येण्यास संदेशाला किती वेळ लागतो आणि बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळापर्यंत किती, हे लिहावे. ही मोजणी शाळेतील संगणकावरून होते आणि नववीतील विद्यार्थीही ती करू शकतात. दोन्ही वेळा राउटरपर्यंतचे अंतर झटपट पार होते, पण रात्री पुढे वेळ लागतो, तर बाहेरची वाट अपुरी आहे. राउटरपर्यंतच वेळ लागत असेल, तर दोष बिनतारी जोडणीत किंवा राउटरात आहे. मग पुरवठादाराकडे रात्री नऊ वाजताचा प्रोसेसरच्या भाराचा आलेख मागावा. तो शंभर टक्क्यांना टेकलेला असेल, तर वादाला जागा राहत नाही. असे चार महिन्यांचे आकडे समोर ठेवून मागणी केली, की उत्तरही आकड्यांत द्यावे लागते.

करारातही या मोजणीला स्थान द्यावे. यंत्र बसविल्यावर पहिले देयक मंजूर करण्यापूर्वी, सर्व सेवा चालू ठेवून, गर्दीच्या वेळी चाचणी व्हावी आणि तिचा निकाल ग्रामसभेपुढे वाचला जावा. पाणीपुरवठा योजनेची टाकी भरून पाहिल्याशिवाय कोणी ठेकेदाराचे देयक मंजूर करीत नाही. तोच नियम येथेही लागू आहे.

सुरुवातीस उल्लेखिलेला तो बाप मजुरी बुडवून रांगेत उभा होता. त्याला गिगाबिट ठाऊक नाही, पॅकेट ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असण्याचे त्याला कारणही नाही. मुलीचा अर्ज त्या दिवशी जावा, एवढेच त्याचे मागणे आहे. ज्यांच्या सहीने यंत्राची खरेदी होते, त्यांनी सही करण्यापूर्वी पॅकेटांची संख्या, सेवा चालू असतानाचा वेग, वीज, नोंदी आणि सुधारणांची मुदत या पाच बाबी विचारल्या, तर रांगेतील शेवटच्या माणसाचाही अर्ज दुपारपर्यंत जाईल आणि उरलेल्या अर्ध्या दिवसाची मजुरी तरी त्याच्या पदरी पडेल.